सफरचंदाचा पाय ग्लासात: पानगळीच्या बैठकीसाठी बर्बनचं कॉकटेल

पानगळ

मंडळी, ऑक्टोबर आला की आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये दर शनिवार-रविवारी कुणी ना कुणी सफरचंदाच्या बागेतून पिशव्या भरून आणतं. खाऊन संपत नाहीत म्हणून मग पाय (pie, पारीत सफरचंदं भरून भाजायचा गोड पदार्थ) भाजले जातात. नोव्हेंबरात घड्याळं एक तास मागे गेली की साडेचारलाच दिवे लावावे लागतात आणि लोक एकमेकांकडे जास्त जाऊ-येऊ लागतात. आमची चार मराठी घरं आणि दोन शेजारी असा गट जमतो. जेवणानंतर पाय आणि त्यासोबत घोटभर व्हिस्की, असा शिरस्ता. गेली तीन वर्षं माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे: पायची चव थेट ग्लासात आणायची. यंदा ती मनासारखी जमली, म्हणून हा धागा.

पहिल्या वर्षी मी गरम सायडरमध्ये बर्बन (मक्याची अमेरिकी व्हिस्की) घातली आणि वर घट्ट क्रीम ओतलं. पाहुणे समोर बसलेले असताना सगळं फाटलं. पांढऱ्या गुठळ्या वर आणि खाली पिवळं पाणी. इथला सायडर म्हणजे न गाळलेला, दारू नसलेला सफरचंदाचा रस. (इंग्लंडमध्ये सायडर मागितलात तर आंबवलेलं पेय मिळेल.) हा रस चांगलाच आंबट असतो, आणि आंबट व गरम एकत्र आलं की दुधातलं केसीन गोळा होणारच. पनीर करताना आपण हेच करतो, तरी त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या वर्षी क्रीम टाळलं, पण कॅरॅमलचं सिरप, व्हॅनिला आणि काठाला साखर असा सगळा सरंजाम केला. प्रत्येकाने एक ग्लास घेतला, दुसरा कुणीच मागितला नाही. माझं ठाम मत त्या दिवशी झालं: गोड पदार्थावरून बेतलेल्या कॉकटेलमध्ये साखर वाढवून काहीच साधत नाही. पाय खाताना जिभेला काय लागतं ते आठवा. लोण्यात भाजलेलं पीठ, आटून दाट झालेला आंबटगोड रस, दालचिनी-जायफळ, आणि पारीतलं चिमूटभर मीठ. साखर असते, पण ती या सगळ्यांच्या मागे उभी असते.

बर्बनबद्दल थोडं सांगतो, कारण सगळं तिच्यावरच उभं आहे. कायद्याने तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो, आणि ती आतून जाळून कोळसा केलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. बाहेरून रंग किंवा स्वाद घालायला परवानगी नाही. त्या जळलेल्या लाकडातूनच व्हॅनिलिन उतरतं, लाकडातल्या साखरा भाजून कॅरॅमलचा वास येतो. म्हणजे व्हॅनिला आणि कॅरॅमल बाटलीत आधीच आहेत. वरून पुन्हा तेच ओतलं की व्हिस्की झाकली जाते. आपल्याला द्यायचं आहे ते फक्त लोणी, सफरचंद आणि मसाला.

आटवलेला सायडर. दोन लिटर सायडर रुंद पातेल्यात मंद आचेवर ठेवा आणि बासुंदीसारखा आटवा. सातास एक या प्रमाणात उतरवायचा, म्हणजे दोन लिटरचे साधारण पावणेतीनशे मिली होतील. व्हरमाँटमध्ये ही जुनी पद्धत आहे, तिथे त्याला बॉइल्ड सायडर म्हणतात. साखरेचा एक दाणा घालायचा नाही. शेवटची वीस मिनिटं पातेल्यापासून हलू नका, तळाला लागायला वेळ लागत नाही. काकवीसारखा रंग आला, चमच्याच्या पाठीला लेप धरला की उतरवा. थंड झाल्यावर तो आणखी दाट होतो. चव बघा: आधी आंबट, मग गोड, मग थोडी तुरट. हा या पेयाचा कणा.

लोणी मुरवलेली बर्बन. ११० ग्रॅम बिनमिठाचं लोणी कढवायचं. तूप करताना बेरी बदामी झाली की आपण गॅस बंद करतो, तिथून आणखी अर्धा मिनिट पुढे न्यायचं. घरभर भाजलेल्या खव्यासारखा वास सुटतो. मग गॅस बंद करून लोणी कोमट होऊ द्या. गरम लोण्यात किंवा पेटत्या गॅसजवळ दारू ओतू नका, भडका उडतो. कोमट झालं की बेरीसकट मोठ्या बरणीत ७५० मिली बर्बनमध्ये घाला, हलवा, तीन-चार तास बाहेर ठेवा, मग रात्रभर फ्रीझरमध्ये. सकाळी वर तुपाची घट्ट चकती मिळते. ती उचला, खालची बर्बन आधी फडक्यातून आणि मग कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा. स्निग्धांश निघून जातो, पण भाजलेल्या लोण्याचा सुगंध दारूत उतरलेला असतो.

ही युक्ती माझी नाही. न्यू यॉर्कच्या पीडीटी या बारमध्ये डॉन ली यांनी २००७ च्या सुमारास बेकनच्या चरबीत बर्बन मुरवून मेपल सिरपसोबत ओल्ड फॅशन्ड (व्हिस्की, साखर आणि बिटर्सचं जुनं कॉकटेल) दिलं, आणि तिथून ही पद्धत सगळीकडे गेली. मी बेकनच्या जागी तूप बसवलं, एवढंच.

एका ग्लासासाठी: लोणी मुरवलेली बर्बन ६० मिली, आटवलेला सायडर १० मिली, मेपल सिरप ५ मिली (गडद रंगाचं घ्या, फिक्या सिरपचा वास इथे हरवतो), अँगोस्टुरा बिटर्सचे (मसाल्यांचा कडवट अर्क) दोन शिंतोडे, आणि मिठाच्या पाण्याचे दोन थेंब. बर्फावर २५-३० सेकंद ढवळा, मोठ्या बर्फाच्या तुकड्यावर गाळा, वर ताजं जायफळ किसा. जायफळाची पूड डब्यातली नको. पुरणपोळीत किसलेलं जायफळ आणि डब्यातली पूड यात जो फरक पडतो तोच इथे पडतो.

ग्लासाच्या अर्ध्याच काठाला आटवलेल्या सायडरचं बोट फिरवून त्यावर डायजेस्टिव्ह बिस्किटाचा चुरा लावतो. अर्ध्याच, म्हणजे ज्याला नको त्याला दुसऱ्या बाजूने पिता येतं.

उंबरठा

तुमचं आटवलेल्या सायडरचं वर्णन वाचून लगेच दोन लिटर आणला. एक शंका. बर्बनमध्ये तूप घातल्यावर ग्लासात ओशटपणा जाणवत नाही का? आमच्याकडे सासूबाईंना वासानेच कसंतरी होतं.

पानगळ

नीट गोठवून गाळलंत तर अजिबात नाही. घाई केली, कापडातून एकदाच गाळलं तर वर सोनेरी ठिपके तरंगतात आणि ओठांना चिकट लागतं. कागदी फिल्टरला तास-दीड तास लागतो, थेंब थेंब पडतं, पण ती वाट बघायलाच हवी. आणि कुणाला दुधाची अॅलर्जी असेल तर हे अजिबात देऊ नका. गाळल्यावरही दुधातली प्रथिनं उरू शकतात. त्यांच्यासाठी साधी बर्बन बाजूला ठेवा.

मोजमाप

मी न्यू जर्सीत. दहा माणसं आली की प्रत्येक ग्लास ढवळत बसणं शक्य नाही, गप्पा राहून जातात. त्यामुळे आधीच बाटली भरून ठेवायची. आठ ग्लासांचा हिशेब: बर्बन ४८०, आटवलेला सायडर ८०, मेपल ४० मिली, बिटर्सचे सोळा शिंतोडे, आणि १४० मिली पाणी. लोक हे पाणी विसरतात. बर्फावर ढवळताना साधारण पाचवा हिस्सा पाणी पेयात उतरतं, ते धरूनच कृतीचं प्रमाण ठरलेलं असतं. ते घातलं नाही तर बाटलीतलं पेय घशाला झोंबतं. ४५ टक्क्यांची बर्बन असेल तर या बाटलीत शेवटी साधारण २९ टक्के अल्कोहोल उरतं. फ्रीझरऐवजी फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी करून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत छान मुरतं.

६० मिलीच्या पेगबद्दलही बोलायला हवं. इथे एक प्रमाणित पेय म्हणजे ४० टक्क्यांची दारू ४४ मिली, ज्यात १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ४५ टक्क्यांची ६० मिली म्हणजे दीड पेयाच्या पुढे. जेवणानंतरचं पेय आहे, मी तर सगळं प्रमाण तीन चतुर्थांश करून लहान ग्लासात देतो. गाडी चालवणाऱ्याला एकही नाही.

पानगळ

मोजमाप, पाण्याचा मुद्दा मी लिहायलाच विसरलो होतो. आभार. लहान ग्लासाचंही पटलं, यापुढे ४५ मिलीच धरतो.

ओसरीवरची

मी दारू घेत नाही आणि या बैठकांना दरवर्षी जाते. माझ्या हातात नेहमी संत्र्याचा रस किंवा कोक ठेवला जातो. तुम्ही सगळे अर्धा तास ज्याच्यावर बोलता त्यातलं माझ्या ग्लासात काहीच नसतं. यजमान वाईट नसतात, त्यांना सुचत नाही, पण दरवर्षी वाईट वाटतं हे खरं. तर यातलं बिनदारूचं काही जमेल का? सरबत नको. कडवट, मुरलेलं, सावकाश प्यायचं काहीतरी.

पानगळ

ताई, हे वाचून फार लागलं, कारण माझ्याही घरी हेच होत आलं आहे. काल रात्री बसून चार प्रकार करून बघितले. त्यातला एक मला मनापासून आवडला.

ओकच्या पिंपातून दारूला जो तुरटपणा मिळतो तो चहातून मिळतो. दोन मोठे चमचे कडक आसाम पत्ती २०० मिली उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, दूध-साखर काही नाही. त्यातच दोन लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि संत्र्याच्या सालीची एक पट्टी. साल घेताना आतला पांढरा भाग येऊ देऊ नका. गाळून पूर्ण थंड करा. ग्लासात हा चहा ७५ मिली, आटवलेला सायडर १५ मिली, आल्याच्या रसाचा अर्धा चमचा, मिठाच्या पाण्याचे दोन थेंब. मोठा बर्फ, वर जायफळ, तोच बिस्किटाचा काठ. बिटर्स घालू नका, अँगोस्टुरात ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. शिंतोडाच असतो हे खरं, पण ज्यांना नको त्यांना नको.

आल्याने घशात जी ऊब येते ती दारूच्या जळजळीची जागा घेते. ग्लासही तोच द्यायचा, वेगळा नाही.

ओसरीवरची

आजच करते. खरंच धन्यवाद.

मडगाव_स्टेशन

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे पानगळ नाही, ऑक्टोबरात उलट उकाडा वाढतो. पण तुमच्या कृतीतली कल्पना इथल्या गोडाला लावून बघितली. बेबिंका सगळ्यांना माहीत आहे: नारळाचं दूध, अंड्याचे बलक, साखर, तूप, जायफळ, आणि एकेक थर भाजत जायचं.

मी बर्बन घेतली नाही, इथे ती महाग पडते आणि गोव्याची स्वतःची सिंगल माल्ट व्हिस्की आहे. पॉल जॉन इथेच मुरते. आमच्या हवेत पिंपातून दारू भराभर उडते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला दोनेक टक्के घट होते, इथे त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे कमी वर्षांत दाट होते. ती बहुतेक बर्बनच्या वापरलेल्या पिंपात मुरते, म्हणून व्हॅनिलाचा जोर बर्बनपेक्षा कमी आणि मध-बिस्किटाचा जास्त.

तुपाऐवजी खोबरेल वापरलं, खाण्याचं, घाण्याचं. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे फ्रीझरमध्ये वेगळं करणं फारच सोपं. ३५० मिली व्हिस्कीला तीन मोठे चमचे. गोडासाठी माडाच्या गुळाचा पाक, गूळ आणि पाणी समप्रमाणात, ४५ मिली व्हिस्कीला ८ मिली. वर जायफळ. आंबटपणासाठी काही नव्हतं, ते कमी पडलं असं माझं मत. लिंबू घातलं तर बेबिंका हरवतो. तुम्ही काय घालाल?

पानगळ

मी लिंबू टाळेन. बेबिंका मुळात आंबट नसतो, तर आंबटाच्या मागे लागू नका. तिथे गोडाला तोलायला कडवटपणा हवा. थराची करपलेली कड आठवते ना? माडाचा गूळ पाक करण्याआधी कोरड्या पातेल्यात थोडा वितळवून गडद होऊ द्या, मग पाणी घाला. आणि बिटर्सचा एक शिंतोडा जास्त.

जुनी_पाने

बिटर्सवरून आठवलं. १८०६ साली न्यू यॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रात वाचकाने विचारलं, कॉकटेल म्हणजे काय? संपादकांनी छापलेल्या उत्तरात चारच गोष्टी होत्या: कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. पुढे कॉकटेलमध्ये नाना गोष्टी शिरल्या, तेव्हा जुन्या पद्धतीचंच हवं म्हणणाऱ्यांमुळे ओल्ड फॅशन्ड हे नाव रुळलं. पानगळ यांची कृती त्या चार गोष्टींच्या चौकटीत बसते, साखरेच्या जागी आटवलेलं सफरचंद आलं इतकंच. म्हणूनच ती पिताना गोड पदार्थ समोर उभा राहतो आणि तरी ती व्हिस्कीच राहते.

पहिल्या वर्षीच्या फाटलेल्या क्रीमबद्दल मात्र मला वेगळं म्हणायचं आहे. ती चूक मुद्दाम केली तर उत्तम पेय होतं. मिल्क पंच म्हणतात त्याला. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६३ मध्ये जेम्स बोडोइन यांना पत्रातून त्याची कृती पाठवली होती, ब्रँडी, लिंबू, जायफळ आणि गरम दूध घालून. मी ती बर्बन आणि सफरचंदाला लावली आहे. २४० मिली बर्बन, ६० आटवलेला सायडर, ४५ लिंबाचा रस, ३० मेपल, आणि १२० मिली थंड कडक चहा. हे सगळं एकत्र करून दुधात ओतायचं, दूध त्याच्यात नाही. दूध पूर्ण स्निग्धांशाचं, १८० मिली, गरम पण उकळतं नाही. अर्धा तास न हलवता ठेवा, फाटलेलं सगळं खाली बसू द्या. मग ओल्या फडक्यातून गाळा. पहिली धार गढूळ येते, ती परत त्याच चोथ्यावर ओता. चोथाच गाळणी होतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला सोन्यासारखं स्वच्छ पेय उतरतं. दूध दिसत नाही, पण जिभेवर रेशमासारखं लागतं, आणि चहाचा तुरटपणा दुधाने ओढून घेतलेला असतो. फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहतं.

पानगळ

हे करणारच. तीन वर्षं त्या गुठळ्या माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

उंबरठा

प्रत्यक्ष अहवाल. काल आमच्याकडे अकरा जण होते.

सायडर आटवायला मला दोन तास लागले, माझं पातेलं अरुंद आहे. रुंद घ्या म्हणालात त्याचं कारण कळलं. पहिल्यांदा आठास एक झाला आणि गार झाल्यावर चमचा उभा राहिला. दोन चमचे गरम पाणी घालून सारखा केला.

सफरचंदं मॅकिंटॉश जातीची होती, बागेतली. त्यांचा रस हनीक्रिस्पपेक्षा आंबट वाटला आणि पेयाला तोच बरा. सजावटीला कॉर्टलंडच्या पातळ चकत्या ओव्हनमध्ये ९५ अंशांवर दोन तास वाळवल्या. कॉर्टलंड चिरल्यावर लवकर काळं पडत नाही, म्हणून चकत्या शेवटपर्यंत फिक्या राहिल्या.

मीठ मी आधी घातलंच नव्हतं. दारूत मीठ कशाला, असं वाटलं. बाटलीतला पहिला ग्लास चांगला लागला, पण पाय आठवला नाही. मग दुसऱ्या ग्लासात दोन थेंब घातले. माझ्या नवऱ्याला काही न सांगता दोन्ही दिले, तो दुसऱ्यावर थांबला आणि म्हणाला, "यात पारी लागतेय." तेव्हा उरलेल्या सगळ्या बाटलीत घातलं.

सासूबाईंनी चहावालं घेतलं, दोनदा घेतलं. कृती लिहून मागितली आहे.

मोजमाप

मिठाच्या पाण्याचं प्रमाण कुणीच लिहिलेलं नाही. मी २० ग्रॅम मीठ ८० ग्रॅम पाण्यात विरघळवतो आणि औषधाच्या ड्रॉपरने घालतो. बाटलीभर मिश्रणाला सोळा थेंब.

ओसरीवरची

माझाही निरोप. मी चहात लवंगा दोनऐवजी चार घातल्या आणि तोंड बधिर झालं. दोनच घाला. बाकी इतकं छान झालं की मी बाटली भरून मैत्रिणीकडे नेली. या वेळी माझ्याही ग्लासावर चर्चा झाली.

उंबरठा

एक राहिलं. फ्रीझरमधून निघालेली ती तुपाची चकती मी टाकली नाही. आज सकाळी त्यात उरलेल्या सफरचंदाच्या फोडी परतल्या, दालचिनी भुरभुरली, पोळीसोबत खाल्ल्या. तुपात बर्बनचा वास चांगलाच उतरलेला आहे आणि थोडी दारूही राहते, म्हणून मुलांच्या फोडी वेगळ्या साध्या तुपावर केल्या.

पानगळ

चकतीचं मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं! मी दरवेळी ती फेकून देत होतो. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी पायच्या पारीत थोडी मळून बघतो, मोठ्यांच्या पायसाठी.